आधी काटा, मग टायर

व्हॅनमध्ये घर थाटायला निघालेला माणूस आधी पलंगाचा विचार करतो, मग ओट्याचा, मग बॅटरीचा आणि पाण्याच्या टाकीचा. टायरकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी, गाडी जरा लांबून बघताना. एवढ्या उंच, भारदस्त डब्याखाली पंधरा इंची चाकं लहानखुरी वाटू लागतात. सोळा इंची टाकली तर? अलॉय घ्यायचेच आहेत तर सतराच का नकोत? टायरही थोडा रुंद बसवू. इथून पुढचे निर्णय बहुतेक डोळ्यांनी घेतले जातात. ही पुस्तिका त्या निर्णयांच्या आधी वाचकाच्या हातात पडावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून ही प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो.

पुस्तिकेत मापं आहेत, तक्ते आहेत, हिशेब आहेत. त्या सगळ्यांमागचा क्रम मला सर्वांत मोलाचा वाटतो: पहिल्यांदा वजन, मग टायरची भारक्षमता, मग चाकाचं माप आणि शेवटी हवा. दुकानात नेमकं उलट घडतं. आधी रिम पसंत होते, तिच्यावर चढेल तो टायर निवडला जातो, आणि हवा किती टाकू असं पोऱ्याने विचारलं की "टाक नेहमीची" एवढंच उत्तर मिळतं. मालवाहू व्हॅनला हे कदाचित खपून जाईल. कॅम्परला खपत नाही, आणि त्याचं कारण तिच्या वजनाच्या स्वभावात आहे.

मालाची व्हॅन सकाळी भरून जाते आणि संध्याकाळी रिकामी येते. तिच्या टायरला रोज विसावा मिळतो. कॅम्परचं वजन उतरतच नाही. अठरा मिलिमीटर जाडीचं, आठ बाय चारचं एक प्लायच तीस किलोच्या आसपास भरतं, आणि कपाटं, पलंग, भिंती मिळून अशी कितीतरी प्लाय आत जातात. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. बॅटऱ्या, इन्व्हर्टर, फ्रिज, छतावरचे सोलर पॅनल, बाजूची ओढायची कनात, सायकली, भांडीकुंडी, अंथरुणं-पांघरुणं. हे सगळं गाडी धावताना असतं तसंच ती महिनोन् महिने अंगणात उभी असतानाही असतं. शिवाय ते सारखं वाटलेलं नसतं. ओटा, पाण्याची टाकी आणि फ्रिज एकाच बाजूला आले, तर त्या बाजूचं मागचं चाक दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त ओझं वाहतं. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीही कळत नाही.

कळण्याचा मार्ग एकच, वजनकाटा. आपल्याकडे त्याची वाण नाही. महामार्गालगत खासगी काटे आहेत, बाजार समितीत आहेत, खडी क्रशरवर आहेत, आणि पश्चिम महाराष्ट्रात तर दर काही कोसांवर साखर कारखान्याचा काटा आहे. गाळप हंगामात तिथे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. हंगाम संपला की काट्यावरचा माणूस तुमच्यासाठी सहज वेळ काढतो. त्याला एवढंच सांगायचं की गाडीचं एकूण वजन पुरेसं नाही, तीन चिठ्ठ्या हव्यात. पहिल्यांदा फक्त पुढची चाकं काट्यावर, मागची बाहेर. मग अख्खी गाडी. मग पुढची बाहेर काढून फक्त मागची. पहिली आणि तिसरी चिठ्ठी मिळून दुसरीच्या जवळपास यायला हवी. फार फरक पडला तर काट्याच्या तोंडाशी जमीन सपाट नाही असं समजायचं आणि पुन्हा करायचं. काट्याच्या कडेला जागा आणि पातळी ठीक असेल तर डावी-उजवी बाजूही वेगळी तोलून घ्यावी.

वजन करताना गाडी प्रवासाला निघाल्यासारखी हवी. पाण्याची टाकी भरलेली, डिझेल भरलेलं, सामान जागच्या जागी, आणि माणसं आपापल्या जागी बसलेली. सांगली भागातल्या एका काट्यावर मी एक सेवानिवृत्त जोडपं पाहिलं. काकू खाली उतरून सावलीत जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा काट्यावरच्या मुलाने त्यांना हाक मारली, "मावशी, तुम्ही पण बसा की आत. तुम्ही काय गाडीमागून चालत जाणार आहात का?" सगळे हसले आणि काकू आत जाऊन बसल्या. चिठ्ठीवरचा मागच्या ॲक्सलचा आकडा वाचून मात्र काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत त्या ॲक्सलला जेवढी मुभा दिली होती, तिला आकडा जवळजवळ टेकला होता. नव्या रिमा घ्यायला निघालेले काका तिथून थेट घरी गेले आणि अर्धं कपाट रिकामं केलं. माझ्या मते टायरसंबंधी त्यांनी घेतलेला तो सर्वांत चांगला निर्णय होता.

वजन हाती आलं की टायरच्या बाजूवर लिहिलेली अक्षरं बोलू लागतात. एक नमुना घेऊ: २१५/७० आर १५ सीपी १०९. टायरची रुंदी २१५ मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी. रिम १५ इंची. सी हे अक्षर व्यापारी वाहनाचा टायर दाखवतं आणि सीपी खास कॅम्पर व्हॅनसाठी बनवलेला. शेवटचा १०९ हा भारांक. लोक सगळं वाचतात आणि नेमका हा आकडा सोडून देतात. १०९ म्हणजे एका टायरला १,०३० किलो. १०० म्हणजे ८००, १०३ म्हणजे ८७५, १०६ म्हणजे ९५०, ११६ म्हणजे १,२५०. काही टायरवर १०९/१०७ असे दोन आकडे असतात. दुसरा मागे जोडचाकं असलेल्या गाडीसाठी, कारण शेजारी शेजारी लावलेल्या दोन टायरांवर भार कधीच सारखा पडत नाही, म्हणून प्रत्येकाकडून थोडी कमी अपेक्षा ठेवतात. त्यापुढचं अक्षर वेगाची मर्यादा सांगतं. आपल्याकडच्या दुकानांत अजूनही "आठ प्लायचा दाखवा" असं म्हणतात. प्लायची ही गणना आता टायरच्या ताकदीची श्रेणी म्हणून उरली आहे. आत कापडाचे तेवढे थर असतातच असं नाही. म्हणून प्लायवर थांबू नये, भारांक विचारावा.

आता मोठ्या चाकांकडे येऊ. मोठं चाक म्हणताना दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र होतात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. एकात रिम मोठी होते पण टायरची भिंत तेवढीच कमी होते. चाकाची बाहेरून मोजलेली उंची जवळपास तीच राहते. दुसऱ्यात अख्खं चाकच उंच होतं. दोन्हींचे परिणाम निरनिराळे आहेत.

पहिल्याचं उत्तम उदाहरण फोक्सवागनची टी-५ व्हॅन. युरोपात तिच्यावर बांधलेल्या कॅम्पर गल्लोगल्ली दिसतात, आणि ब्रिटन-जर्मनीत राहणारी मराठी मंडळी जुनी व्हॅन घ्यायला निघाली की बहुधा या गाडीपाशीही येऊन पोचतात. तिला २१५/६५ आर १६ सी, २३५/५५ आर १७ आणि २५५/४५ आर १८ ही मापं चालतात. हिशेब करून पाहा: तिन्हींची बाहेरची उंची ६८६ ते ६९० मिलिमीटर. रिम दोन इंचांनी वाढली तरी स्पीडोमीटरला त्याचा पत्ता लागत नाही. पण भारांक बघा. सोळा इंची व्यापारी टायरवर १०६ किंवा १०९ असतो. सतरा आणि अठरा इंची मापांत तो १०३ वर येतो. आणखी पुढे जाऊन कुणी २५५/४० आर १९ बसवला, तर उंची पुन्हा तीच, ६८७ च्या आसपास, आणि भारांक मात्र बहुतेक १००. म्हणजे जोडीला १,६०० किलो. तुमच्या चिठ्ठीवर मागच्या ॲक्सलपुढे १,७०० लिहिलं असेल, तर ते चाक कितीही देखणं असलं तरी तुमच्या गाडीचं नाही. मोठी रिम, कमी ताकद: हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे. ओझं रिम वाहत नाही, टायरमध्ये कोंडलेली हवा वाहते. भिंत आखूड झाली की हवेला जागा कमी उरते. सोळा इंची टायरची भिंत इथे १४० मिलिमीटर आहे, एकोणीस इंचीची १०२. खड्ड्याची धार रिमपर्यंत पोचायला मधलं अंतर तेवढंच कमी. आपल्या रस्त्यांवर पावसाळा संपताना कॅम्पर चालवायची असेल, तर मी भिंतीचे ते चार सेंटिमीटर कुठल्याही अलॉयच्या मोहात सोडणार नाही.

रिमचीही स्वतःची भारक्षमता असते, हे त्याहून कमी लोकांना ठाऊक असतं. टी-५ च्या चाकाला पाच बोल्ट १२० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मोटारींचंही वर्तुळ तेच, म्हणून त्यांची जुनी अलॉय चाकं स्वस्तात घेऊन व्हॅनला चढवण्याचा मोह होतो. बोल्ट बसतात. पण मधलं भोक मोठं असल्याने चाक हबवर नीट केंद्रित व्हायला कडी लागते, आणि मोटारीसाठी ओतलेली रिम व्हॅनच्या ओझ्यासाठी तपासलेली असेलच असं नाही. आतल्या बाजूला, आऱ्यांच्या मागे, कमाल भार कोरलेला असतो. रिम उलटी करून, माती पुसून तो आकडा वाचायचा. आकडाच नसेल तर ती रिम दुकानातच ठेवायची.

फियाट डुकाटोमध्ये मोठं चाक नेमकं उलट कारणाने येतं. युरोपातली मोठी मोटारहोम बहुसंख्येने याच गाडीवर बांधली जातात. तिच्या हलक्या चॅसिसला १५ इंची चाकं असतात आणि मॅक्सी नावाच्या जड चॅसिसला १६ इंची. हलक्या चॅसिसच्या मागच्या ॲक्सलची मर्यादा २,००० किलो. १०९ भारांकाचे दोन टायर मिळून २,०६० किलो. मॅक्सीची मर्यादा २,४००. ११६ चे दोन मिळून २,५००. कारखान्याने आधी ॲक्सलचं ओझं ठरवलं आणि त्यातून चाक निघालं, हे या दोन बेरजांतून स्वच्छ दिसतं. आता हलकी गाडी घेतलेल्या कुणाला वाटलं की मॅक्सीची सोळा इंची चाकं बसवू, तर हबपाशीच गाडं अडतं, कारण हलक्या चॅसिसच्या बोल्टांचं वर्तुळ ११८ मिलिमीटरचं आणि मॅक्सीचं १३०. यावर जोडतबकड्या मिळतात. त्या लावल्या की चाक बाहेर सरकतं, बेअरिंगवर वाढीव ताण येतो, आणि एवढं करून गाडीची वजनमर्यादा एका किलोनेही वाढत नाही, कारण ॲक्सल, स्प्रिंग आणि ब्रेक हलक्या गाडीचेच राहतात.

चाक खरोखर उंच करायचं ठरवलं तर काय काय बदलावं लागतं, हे फोक्सवागनने स्वतःच एकदा करून दाखवलं आहे. १९७९ मध्ये आलेल्या टी-३ व्हॅनची सिंक्रो ही चारही चाकं ओढणारी आवृत्ती ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे श्टायर-डाइमलर-पूख यांच्या कारखान्यात तयार होत असे. नेहमीच्या सिंक्रोला १४ इंची चाकं. नंतर १६ इंची चाकांची वेगळी सिंक्रो निघाली, २०५ आर १६ टायरांची. त्या दोन इंचांसाठी त्यांनी चाकांवरच्या कमानी वाढवल्या, सांगाड्याला जादा मजबुती दिली, ब्रेक मोठे केले, चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे सांधे दणकट केले. आज जुनी टी-३ घेऊन अंगणात तिला सोळा इंची चाकं लावणारे जगभर आहेत, आणि मला त्यांच्या हौसेचा आदर आहे. पण कारखान्यातल्या इंजिनिअरांना जे टाळता आलं नाही, ते आपल्याला कमानीचा पत्रा थोडा ठोकून टाळता येईल असं समजणं धोक्याचं आहे.

आपल्याकडच्या मापांत बोलायचं तर २१५/७५ आर १५ हे ट्रॅव्हलरच्या वर्गातल्या गाड्यांना ओळखीचं माप. त्याची उंची ७०३ मिलिमीटर. त्याजागी २२५/७५ आर १६ आला की ७४४. चाक चाळीस मिलिमीटरने वाढलं, पण गाडी वर उचलली जाते ती वीसच, कारण वाढीचा अर्धा भाग ॲक्सलच्या वर असतो. तोच अर्धा भाग कमानीला घासायला जातो: पूर्ण वळण घेताना आणि भरलेली गाडी खड्ड्यात आदळताना. दुकानात जॅकवर उचललेल्या, रिकाम्या गाडीवर चाक मोकळं फिरतं यावर विसंबू नये. उंची जवळपास पावणेसहा टक्क्यांनी वाढली, म्हणजे काटा ८० दाखवत असताना गाडी साडेचौऱ्याऐंशीने धावते. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कारखान्यातून काटा थोडा पुढे दाखवणारा येतो म्हणून हा फरक काही वेळा झाकला जातो, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. उंच चाक म्हणजे प्रत्येक गिअर लांबला. आंबोली किंवा कुंभार्ली घाटात भरलेली गाडी वळणावर थांबून पुन्हा हलवताना क्लच ते सांगतो. आणि उतरताना ब्रेकला तेच चाक थांबवायला जास्त जोर लावावा लागतो. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. याउलट २३५/६५ आर १६ ची उंची ७१२. रिम इंचाने मोठी, चाक मात्र जेमतेम सव्वा टक्का उंच. सोळा इंची रिम हवीच असेल तर विचार अशा मापापासून सुरू करावा, अर्थात भारांक, रिमची रुंदी आणि कमानीतली जागा तपासून.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट अधिक स्पष्ट केली. आपल्याकडे कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. नोंदणीकृत कॅराव्हॅन भाड्याने द्यायची असेल तर चाकांची मनमानी परवडणारी नाही. जर्मनीत वेगळी रिम लावायची तर तिचे कागद आणि तपासणी लागते, ब्रिटनमध्ये विमा कंपनीला बदल कळवावा लागतो. निर्मात्याने त्याच गाडीच्या दुसऱ्या आवृत्तीला दिलेलं माप निवडणं हा सगळीकडेच सर्वांत निर्वेध मार्ग.

आता हवा. या पुस्तिकेतलं हे प्रकरण मी सर्वांत सावकाश वाचलं, आणि वाचकानेही तसंच वाचावं.

टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग दर फेरीला चपटा होतो आणि पुन्हा गोल होतो. हे वाकणं-उलगडणं म्हणजे उष्णता. हवा कमी असली की भिंत जास्त वाकते, जास्त तापते, रबर आणि आतल्या तारांची पकड सुटू लागते. टायर फुटतो तेव्हा आपण रस्त्याला, उन्हाला नाहीतर कंपनीला दोष देतो. पुष्कळदा त्याची सुरुवात कित्येक दिवस आधी कमी हवेने झालेली असते. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या सरळ काँक्रीट रस्त्यावर विदर्भातल्या मे महिन्यात तासन् तास एकाच वेगाने जाताना टायरला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. जड कॅम्परसाठी हा प्रवास खडतर परीक्षेचा आहे, आणि तिची तयारी निघायच्या दिवशी सकाळी हवेपासून होते.

हवेचे तीन आकडे समोर येतात. टायरच्या बाजूवर कोरलेला, दाराच्या चौकटीवर छापलेला, आणि टायर कंपनीच्या तक्त्यातला. बाजूवरचा आकडा पूर्ण भारांक पेलण्यासाठी लागणाऱ्या दाबाशी जोडलेला असतो. तो रोजचा सल्ला समजू नये. चौकटीवरचा आकडा कारखान्याच्या मूळ टायरसाठी आणि सहसा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी असतो. टायरचं माप किंवा प्रकार बदलला की तो आकडा जसाच्या तसा लागू राहत नाही. तिसरा आकडा तुमच्या काट्याच्या चिठ्ठीवरून काढायचा. समजा तक्ता सांगतो की हा टायर ६५ पाउंड हवेवर १,०३० किलो पेलतो, आणि तुमच्या सर्वांत जड चाकावर ८०० किलो आहेत. सरळ त्रैराशिक मांडलं तर ५० च्या आसपास येतं. व्यापारी टायरांसाठी युरोपात वापरलं जाणारं सूत्र थोडं वक्र असून त्याने ४७-४८ येतं. मी इथे त्रैराशिकाच्याच बाजूने राहीन आणि वर आणखी दोन-तीन पाउंड ठेवीन, कारण काट्याच्या दिवशी नसलेली एखादी पिशवी प्रवासात हमखास चढते. हिशेब नेहमी ॲक्सलवरच्या जड चाकाचा, आणि त्या ॲक्सलच्या दोन्ही चाकांत हवा सारखीच.

सीपी टायरांचा मामला जरा वेगळा. त्यांच्या बाबतीत मागच्या ॲक्सलवर एकेरी चाकं असतील तर ५.५ बार, म्हणजे ८० पाउंड, ठेवण्याची शिफारस युरोपात रूढ आहे. मागे लांबलेला डबा, उंचावरचं वजन, आडवा वारा आणि बेभरवशाचं लोडिंग लक्षात घेऊन हा आकडा आला. त्याने गाडी कडक होते, कपाटातल्या बशा वाजतात, आणि हलक्या कॅम्परमध्ये टायरचा मधला पट्टा आधी झिजतो. ज्यांनी वजन केलेलं नाही त्यांनी निमूटपणे ८० ठेवावेत असं माझं मत आहे. ज्यांच्याकडे ताजी चिठ्ठी आणि त्याच टायरच्या कंपनीचा तक्ता आहे, त्यांना खाली यायला आधार आहे. मात्र सीपीचा आकडा साध्या सी टायरला लावू नये, आणि व्हॉल्व्ह विसरू नये. मोटारीला लावतात ते साधे रबरी व्हॉल्व्ह साधारण ६५ पाउंडांपर्यंतचेच असतात. त्यापुढे धातूचे किंवा उच्च दाबाचे हवेत. हजारोंचा टायर आणि चाळीस-पन्नास रुपयांचा चुकीचा व्हॉल्व्ह, ही जोडी मी पाहिली आहे, आणि ती पाहून जीव कासावीस होतो.

हवा मोजायची ती थंड टायरवर, सकाळी, गाडी हलवण्याआधी. ६५ पाउंडांच्या आसपास असलेल्या टायरमध्ये तापमान दहा अंशांनी चढलं की दाब अडीच ते पावणेतीन पाउंडांनी वाढतो. दुपारी ढाब्यावर थांबून मोजलं तर आकडा बराच वर दिसेल. तो तसाच दिसायला हवा. घाबरून हवा सोडली तर रात्री टायर उपाशी राहील. डोंगरातही असंच होतं. मुंबईहून लेहला, साडेतीन हजार मीटरवर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशावर येतो, त्यामुळे गेज जवळपास पाच पाउंड जास्त दाखवू शकतो. पण तिथली थंडी तेवढाच किंवा त्याहून जास्त दाब खाली खेचते. म्हणून अंदाज न बांधता मुक्कामी सकाळी मोजावं. नायट्रोजनबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे; कोरडेपणाचा थोडा फायदा मिळतो, पण न मोजलेल्या नायट्रोजनपेक्षा रोज मोजलेली साधी हवा कधीही चांगली.

जुने ड्रायव्हर एक खडूची युक्ती करतात, ती इथे सांगावीशी वाटते. टायरच्या नक्षीवर आडवी, या काठापासून त्या काठापर्यंत खडूची जाड रेघ ओढायची आणि सपाट, कोरड्या रस्त्यावर गाडी सरळ थोडी पुढे न्यायची. रेघ मधून पुसली आणि काठांना राहिली तर हवा जास्त. काठांना पुसली आणि मध्ये राहिली तर कमी. नव्या रुंद टायरवर ही रेघ फार काही शिकवते. ती टेकण्याची गोष्ट सांगते, ओझं पेलण्याची मात्र नाही, त्यामुळे तक्त्याच्या खाली जायला तिचा आधार घेता येणार नाही. वाळूत रुतल्यावर हवा उतरवण्याचा प्रकारही पुस्तिकेत आहे. तो राजस्थानच्या वाळूसाठी ठीक. कोकण-गोव्याच्या पुळणीवर कॅम्पर नेऊच नये: भरती वाट बघत नाही, पुळण कासवांच्या विणीची जागा आहे, आणि गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदीच आहे.

कॅम्परचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. वर्षात काही आठवडे धावणारी गाडी उरलेला काळ एकाच जागी, एकाच बाजूने ऊन खात उभी असते. नक्षी नव्यासारखी आणि भिंतीवर मात्र केसासारख्या चिरा. बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १४२२ म्हणजे २०२२ सालचा चौदावा आठवडा. नवा टायर घेतानाही तो वाचून घ्यावा. ब्रिटनमधल्या कॅराव्हॅनच्या जगात पाच वर्षांनी बदला आणि सातच्या पुढे नेऊ नका असा सल्ला दिला जातो. आपल्या उन्हात त्यापेक्षा सैल राहायचं काही कारण मला दिसत नाही.

शेवटचं प्रकरण स्टेपनीचं आहे, आणि मोठी चाकं घेणाऱ्यांनी ते आधी वाचलं तरी चालेल. गाडीच्या पोटाखाली स्टेपनीची जागा मूळ मापाची असते. वाढलेलं चाक तिथे बसत नाही, मग ते मागच्या दारावर जातं आणि मागच्या ॲक्सलच्या पलीकडे आणखी तीस-पस्तीस किलो टांगले जातात, म्हणजे काट्यावर पुन्हा जाणं आलं. जुनं लहान चाकच स्टेपनी म्हणून ठेवलं तर ते दुसऱ्या उंचीचं चाक असलेल्या ॲक्सलवर जवळच्या दुकानापर्यंत, तेही हळू न्यायचं. जॅक नव्या उंचीला पुरतो का, अलॉयचे बोल्ट लोखंडी डिस्कला चालतात का, पाना त्यावर बसतो का, हे अंगणातच करून बघावं. आणि पेट्रोल पंपावरचं हवेचं यंत्र तुमच्या आकड्यापर्यंत पोचतं का तेही पाहावं. मोटारींसाठी लावलेली काही यंत्रं पन्नास-साठ पाउंडांपुढे जात नाहीत. ८० पाउंड हवे असतील तर ट्रकवाल्यांच्या टायर दुकानात गाडी न्यावी, आपला गेज बरोबर न्यावा, आणि पोऱ्याला पुढचा आणि मागचा आकडा वेगवेगळा सांगावा.